कॅचरची गुणपत्रिका

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत मुलांच्या कॉलेजप्रवेशाची चर्चा नववीपासूनच सुरू होते. एसएटी ही प्रवेशपरीक्षा, एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, रोबोटिक्स, उन्हाळ्यातलं संशोधन, सगळ्यांना सगळं तोंडपाठ. पण आमचा मुलगा कॉलेजात बेसबॉल खेळायचं म्हणतोय आणि त्यासाठी कोचांशी बोलणं चालू आहे, असं मी गणपतीत कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "अगं, मग अभ्यासाचं काय?" आता तो कॉलेजात रुळलाय आणि ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत अशा ओळखीच्या घरांतून मला फोन येतात. प्रत्येकाला तेच सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे.

अभ्यासाचं काय, याचं उत्तर आधीच देते. तो आज ज्या कॉलेजात खेळतोय तिथे त्याला नुसत्या बेसबॉलवर कुणी घेतलं नसतं आणि नुसत्या गुणांवर त्याचा अर्ज त्याच्यासारख्याच हजारोंच्या गठ्ठ्यात पडला असता. कोचला तो संघात हवा होता आणि गुणपत्रिका अशी होती की कोच ती घेऊन प्रवेश कार्यालयाकडे जाऊ शकला. या दोन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात.

माझे वडील नाशिकहून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचे, "स्कॉलरशिपचं कुठवर आलं?" अमेरिकेत खेळात चमकलं की चार वर्षांची फी माफ, असं आपल्याकडे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. बेसबॉलमध्ये तसं क्वचितच होतं. कॉलेजच्या खेळांची मोठी संघटना म्हणजे एनसीएए आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये बेसबॉलचे सुमारे ३०० संघ आहेत. तिथेसुद्धा २०२४-२५ पर्यंत एका संघाला सगळ्या मिळून ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि संघात मुलं तीस-पस्तीस. म्हणजे एकेकाच्या वाट्याला तुकडाच. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. तिथे मदत मिळते ती घरची आर्थिक स्थिती पाहून किंवा अभ्यासातल्या गुणवत्तेवर. येल, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये खेळतात, पण खेळाची शिष्यवृत्ती तीही देत नाहीत.

हे ऐकून बाबा जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग एवढी धावपळ कशासाठी?" चार वर्षं आणखी खेळता यावं म्हणून. मुलाला तेवढं पुरेसं होतं, आणि ते खरंच किती हवंय हे दिसल्यावर आम्हालाही पुरेसं वाटलं.

आमचा मुलगा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने, बेसबॉलच्या गोलंदाजाने, टाकलेला चेंडू झेलणारा. मैदानावरचे बाकीचे सगळे खेळाडू एका दिशेला तोंड करून उभे असतात, हा एकटा त्यांच्याकडे बघत बसलेला असतो. प्रत्येक पिचला खुणा करायच्या, जमिनीवर आपटलेला चेंडू छातीवर झेलायचा, पिचरचं डोकं ठिकाणावर ठेवायचं. उंची पाच फूट दहा इंच, पळण्यात साधारण, हात चांगला. दहावीच्या शेवटी त्याच्या ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे शाळेबाहेर ठिकठिकाणी स्पर्धा खेळणाऱ्या संघाच्या, कोचने आम्हाला बसवून स्पष्ट सांगितलं, की हा डिव्हिजन थ्रीच्या चांगल्या संघात खेळू शकेल आणि याचे मार्क असे आहेत की त्यातल्या सर्वांत अवघड कॉलेजांची दारं ठोठवावीत. इतकं स्वच्छ बोलणारा माणूस वेळेवर भेटणं ही मी या सगळ्यातली सर्वांत मोठी मदत मानते. कारण खोटी आशा विकणारे ढिगाने आहेत. पैसे घेऊन मुलाची माहिती शेकडो कॉलेजांना पाठवून देणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने तर व्हिडिओ न बघताच फोनवर "डिव्हिजन वन नक्की" म्हणून टाकलं होतं.

नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या कोचांना अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून मुलांशी बोलता येतं. त्या तारखेला काही मुलांचे फोन मध्यरात्रीपासून वाजतात. २०२३च्या १ ऑगस्टला आमच्याकडे शांतता होती. त्या वर्षांत जागाही कमी होत्या. २०२०चा हंगाम करोनामुळे मार्चमध्येच थांबला, तेव्हाच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं आणि ती मुलं पुढे संघांत राहिली. शिवाय एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं सोपं झालं. बावीस वर्षांचा, कॉलेजात खेळून तयार झालेला कॅचर मिळत असेल तर कोच सतरा वर्षांच्या पोराची वाट का पाहील? डिव्हिजन थ्रीच्या कोचांना फोन-इमेलसाठी अशी तारखेची अट नाही, त्यामुळे आम्ही तिकडे वळलो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती ऐकून बहुतेक मराठी आईबाप खुर्चीत सावरून बसतात. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, टफ्ट्स, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, कॅलटेक ही सगळी बेसबॉलच्या डिव्हिजन थ्रीमध्ये आहेत. 'तिसरी पायरी' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं त्याचा या नावांशी काही संबंध नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी कोचच्या शब्दाचं वजन वेगळं असतं. न्यू इंग्लंडमधल्या काही छोट्या कॉलेजांत कोचला मोजक्या मुलांसाठी प्रवेश कार्यालयाचा भक्कम पाठिंबा मिळवता येतो. एमआयटीत कोच शिफारस करतो, पण जागा राखून ठेवू शकत नाही. म्हणून कोचशी बोलताना पहिल्या दोन-तीन फोनांतच नम्रपणे विचारून घ्यावं: तुमच्या पाठिंब्याचा प्रवेशावर किती परिणाम होतो? चांगले कोच याचं सरळ उत्तर देतात. जे गोलगोल बोलले त्यांचं नाव आम्ही यादीत खाली सरकवलं.

इमेल मुलाने लिहायच्या, हे पहिल्या दिवशीच ठरलं. माझं इंग्रजी बरं आहे, नवऱ्याचं त्याहून बरं आहे, पण आईवडिलांनी लिहिलेली इमेल कोचांना लगेच ओळखू येते आणि आवडत नाही. विषयाच्या ओळीत बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, कॅचर, उंची, जीपीए म्हणजे गुणांची सरासरी. आत चार-पाच ओळी, व्हिडिओची लिंक, पुढच्या महिन्यातल्या सामन्यांचं वेळापत्रक. त्या कॉलेजात काय शिकायचंय आणि का, यावर एक खरं वाक्य. त्याला भौतिकशास्त्र करायचंय, त्यामुळे प्रत्येक कॉलेजच्या त्या विभागाचं पान वाचल्याशिवाय इमेल जायची नाही. यात वेळ जायचा, पण यादी आपोआप लहान होत गेली. ज्या विभागाबद्दल लिहायला त्याला काही सुचायचं नाही, ते कॉलेज गळायचं.

उत्तरं यायला लागली की दुसरी परीक्षा. "आम्हाला तुझा खेळ आवडला, आमच्या कॅम्पला ये," अशी इमेल आली आणि खाली फी लिहिलेली असली, तर ती बहुधा शेकडो मुलांना गेलेली असते. कॅम्पच्या पैशांतून सहायक कोचांचे पगार निघतात, त्यात गैर काही नाही. पण तो निवडीचा संकेत नाही. ज्या इमेलमध्ये व्हिडिओतल्या एखाद्या विशिष्ट गोष्टीबद्दल लिहिलेलं असे, किंवा गुणपत्रिका मागितलेली असे, ती खरी. आमच्या घरी नियमच झाला: गुणपत्रिका मागितली नाही तोवर कोच गंभीर नाही.

आता सरावाबद्दल. कॅचरला मोजायची मुख्य मोजपट्टी म्हणजे पॉप टाइम. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आदळला की घड्याळ सुरू, त्याने फेकलेला चेंडू सेकंड बेसवरच्या फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये पोचला की बंद. अंतर १२७ फुटांच्या थोडं वर. दोन सेकंदांच्या आत जाणाऱ्यांकडे वरच्या पायरीवरचे लोक बघतात. आमचा २.१५ वर अडकला होता. हात अजून जोरात फेकणार तरी किती, असं मला वाटायचं. पण वेळ हवेत जात नव्हता, ग्लोव्हमधून चेंडू काढण्यात जात होता. मग हिवाळाभर तळघरात गाद्या रचून सराव. टेनिसचा चेंडू भिंतीवर, परत आला की ग्लोव्ह उजव्या कानाशी, तोवर बोटं चेंडूच्या शिवणीवर, उजवा पाय आधी खाली. फेकायचं नाहीच, फक्त इथपर्यंत. रात्री स्वयंपाकघरात मला खालून ठक, ठक ऐकू यायचं आणि मध्येच शांत झालं की समजायचं, आता रसायनशास्त्र उघडलंय. मार्चमध्ये मैदानावर उतरला तेव्हा २.०३, कधी २.०५.

याच अकरावीच्या वर्षातला एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या शरद ऋतूत आम्ही ट्रॅव्हल टीमच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धा बंद ठेवल्या. मैदानावरच्या इतर पालकांना ते पटलं नाही. ऐन अकरावीत मुलगा कोचांना दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं. आमचा हिशेब वेगळा होता. कोच प्रवेश कार्यालयाकडून आधी जे मत मागवतात, ज्याला सगळे प्री-रीड म्हणतात, ते अकरावी संपल्यावर जुलैपासून सुरू होतं. म्हणजे त्यात वाचली जाणारी शेवटची पूर्ण गुणपत्रिका अकरावीची. बारावीत कितीही चमकलं तरी तोवर निर्णय झालेला असतो. रसायनशास्त्रात त्याला बी येत होता. त्या तीन महिन्यांत तो ए झाला. मला अजूनही वाटतं की कुठल्याही स्पर्धेने त्याला तेवढं दिलं नसतं.

वसंतात मात्र सुटका नव्हती. न्यू जर्सीत शाळांचा हंगाम एप्रिल ते जून आणि एपीच्या परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, नेमक्या काउंटी स्पर्धेच्या दिवसांत. कॅल्क्युलस, फिजिक्स आणि इतिहास. एसएटी त्याने मुद्दाम मार्चमध्ये, हंगामाआधी उरकली होती. त्याच महिन्यापासून इथे ती संगणकावर सुरू झाली. हंगामाच्या सुरुवातीलाच तो प्रत्येक शिक्षकाकडे सामन्यांचं वेळापत्रक घेऊन गेला आणि कुठल्या दिवशी लवकर निघावं लागेल ते सांगून आला. आम्ही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी साडेसातला घरी, आंघोळ, वरण-भात, आणि साडेआठ ते साडेदहा अभ्यास. साडेदहाला दिवा बंद, पान अर्धं राहिलं तरी. झोपेवर मी अजिबात तडजोड केली नाही. दिवसभर उठाबशा काढणाऱ्या गुडघ्यांना झोप लागते आणि फिजिक्सलाही लागते.

२०२४च्या उन्हाळ्यात तो लाँग आयलंडच्या हेडफर्स्ट कॅम्पला गेला. अभ्यासात कठीण समजल्या जाणाऱ्या कॉलेजांचे कोच तिथे स्वतः मुलांचे संघ चालवतात, त्यामुळे दोन दिवस ते मुलांच्या अगदी जवळ असतात. ऊन रणरणत होतं. पालक कुंपणाबाहेर. आधीच लेकाने बजावलं होतं, "आई, बॅग मी उचलणार. पाणी द्यायला आत येऊ नकोस." कोच हेही बघतात, की बॅग कोण उचलतंय, चूक झाल्यावर मुलगा पंचाकडे बघतो का पिचरकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सामन्यात त्याच्यासमोरचा पिचर, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला, आयुष्यात पहिल्यांदाच भेटलेला, पुरता ढेपाळला. एकामागून एक बॅटर फुकट बेसवर. लेकाने वेळ मागितली, मास्क डोक्यावर सरकवला आणि चालत गेला. बोलणं काही सेकंदांचंच. परत आल्यावर त्या पोराने दोघांना बाद केलं. सामना संपल्यावर कुंपणाशी उभा असलेला एक कोच लेकाजवळ आला. पॉप टाइम विचारला नाही, बॅटिंग विचारली नाही. विचारलं, "त्याला काय सांगितलंस?" लेक म्हणाला, "पुढचे पाच चेंडू फक्त फास्टबॉल, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. कुठे पडले ते मी बघून घेतो." कोचने वहीत काहीतरी लिहिलं. त्याच आठवड्यात त्याची इमेल आली, आणि पहिल्याच ओळीत गुणपत्रिका मागितली होती.

मग प्री-रीड. गुणपत्रिका, एसएटी, बारावीत घेणार असलेले विषय, एवढंच पाठवायचं. निबंध नाही, शिफारसपत्रं नाहीत. आमच्या यादीतल्या एका कॉलेजने आठवडाभरात "नाही" कळवलं. लेक एक संध्याकाळ गप्प होता, पण मला त्या कोचबद्दल आदर वाटतो. त्याने मुलाचा वेळ वाचवला. दुसऱ्या एका ठिकाणचा कोच वसंतभर दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, तो जुलैमध्ये एकदम गप्प झाला. दोन इमेलना उत्तर नाही. त्यांना दुसरा कॅचर मिळाला होता, हे आम्हाला दुसरीकडून कळलं. सतरा वर्षांच्या मुलाला दोन ओळी लिहायला काय लागतं? हे मला अजून खुपतं.

आणि कुंपणावरच्या कोचचा फोन आला. प्रवेश कार्यालय अनुकूल आहे, पण एका अटीवर: बारावीचे ठरवलेले अवघड विषय तसेच राहिले पाहिजेत. लेक एपी केमिस्ट्री काढून काहीतरी हलकं घ्यावं म्हणत होता. ती राहिली. त्याच फोनमध्ये त्याने स्वतःचे प्रश्न विचारले, आदल्या रात्री वहीत लिहून ठेवलेले. संघात विज्ञानाची किती मुलं आहेत? प्रयोगशाळा आणि सराव एकाच वेळी आले तर? कोचने उत्तर द्यायच्या ऐवजी संघातल्या भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा नंबर दिला. त्याने सांगितलं, की गुरुवारी तो लॅबमुळे उशिरा येतो आणि नंतर जाळीत एकटा बॅटिंग करतो, कुणी त्यावर काही बोलत नाही. लेकाचा निर्णय तिथेच झाला, असं मला वाटतं. मी त्याला आणखी एक विचारलं: उद्या गुडघा गेला आणि बेसबॉल सुटला, तरी तुला इथे राहायला आवडेल? कॅचरच्या आईने हे विचारायलाच हवं. तो कॉलेज बघायला गेला तेव्हा ऑप्टिक्सच्या एका तासाला बसला होता, त्याबद्दल बराच वेळ बोलत राहिला. मला उत्तर मिळालं.

राहिले पैसे. कोच पाठिंबा देतो तो बहुतेकदा अर्ली डिसिजनसाठी. म्हणजे नोव्हेंबरात एकाच कॉलेजला अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक. दोन-चार ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून बघण्याची सोय नाही. अशा खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे असतो. आम्ही दोघं नोकरी करणारे, म्हणजे फार मदत मिळण्याइतके गरीब नाही आणि सहज भरण्याइतके श्रीमंत नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर अंथरुणाची लांबी आधी कळायला हवी. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र असतं, ते भरलं. शिवाय कोचच्या मध्यस्थीने आर्थिक मदत कार्यालयाकडून ऑक्टोबरात लेखी अंदाज मागवला. तो आमच्या मर्यादेत बसला म्हणूनच अर्ज केला. मर्यादेचा आकडा लेकाला उन्हाळ्यातच सांगितला होता. न बसता तर रटगर्सला, आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, जायचं आणि तिथे क्लबच्या संघात खेळायचं, हेही ठरलं होतं आणि त्याला मान्य होतं.

डिव्हिजन थ्रीमध्ये कोचच्या "हो"ला कागदाचा आधार नसतो. प्रवेशाचं पत्र येईपर्यंत काहीच पक्कं नाही. डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षं ज्याच्यावर सह्या व्हायच्या ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू आणि कॉलेजमधलं करारपत्र, तेही त्याच ऑक्टोबरात, २०२४मध्ये, रद्द झालं. पुढे कॉलेजच्या खेळाडूंच्या मोबदल्याच्या दाव्यात जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, पण संघ ३४ जणांचाच ठेवावा लागू लागला. देशभरात अनेक मुलांच्या जागा त्यात गेल्या. आमच्या भागातल्या एका गुणी मुलालाही पदवीदानाच्या तोंडावर कळवण्यात आलं की त्याच्यासाठी जागा नाही. त्याच्या आईशी बोलताना मला शब्द सापडत नव्हते.

आमचं पत्र डिसेंबरच्या मध्यावर आलं. लेकाने आधी शाळेच्या कोचला कळवलं, मग आजोबांना. नाशिकला तेव्हा पहाट होती. बाबांनी कॉलेजचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

फोन करणाऱ्या पालकांना मी कुमार रॉकर आणि अर्जुन निम्मला या व्यावसायिक बेसबॉलपटूंची नावं सांगते. रॉकरची आई भारतीय वंशाची. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला टेक्सस रेंजर्सने पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. निम्मलाला २०२३मध्ये टोरांटो ब्लू जेजने पहिल्याच फेरीत उचललं. आपली मुलं तिथवर पोचू शकतात हे आता कुणाला सिद्ध करायची गरज नाही. पण घरात जास्त बोलणं व्हायचं ते रोहन हांडाबद्दल. येलमध्ये शिकत खेळला आणि २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याची निवड केली. लेकाच्या टेबलासमोर त्याचंच चित्र होतं.

सध्या तो संघातला तिसरा कॅचर आहे. पुढचे दोघे वयाने मोठे आणि चांगले आहेत. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, त्यांचे चेंडू झेलणं हे त्याचं मुख्य काम, आणि ते तो मनापासून करतो. पहिल्या सत्रात कॅल्क्युलसने घाम काढला, शेवटी बी प्लस. बाहेर बर्फ आहे, सराव बंदिस्त हॉलमध्ये चालतो. मार्चच्या सुट्टीत संघ फ्लोरिडाला जाईल, पहिले सामने तिथे. खेळायला मिळेल की नाही ते फेब्रुवारीच्या सरावावर ठरेल. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लिनिअर अल्जेब्राची परीक्षा आहे, आणि पुस्तक बरोबर नेणार असल्याचं त्याने परवाच्या फोनवर न विचारता सांगितलं.